हजार रूपं, मूठभर जनुकं

भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर जुन्या घरांच्या आढ्याला टोमॅटो टांगलेले असतात. देठ दोऱ्यात ओवून केलेले हे घोस आपल्याकडच्या लसणाच्या जुड्यांसारखे महिनोन्‌महिने लोंबत राहतात. उन्हाळ्यात तोडलेली फळं फ्रिजशिवाय हिवाळा काढतात, काही घोस तर पुढच्या वसंतापर्यंत पोचतात. लागेल तेव्हा एक टोमॅटो काढायचा, मधोमध कापून पावाच्या जाड कापावर चोळायचा, वरून ऑलिव्हचं तेल सोडायचं आणि मीठ भुरभुरायचं. या टोमॅटोला तिथे रामेयेत म्हणतात. तो बहुतेक कोरडवाहू रानात, पाण्याची पाळी न देता पिकवतात.

इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उतारावर असाच टांगून ठेवायचा, छोटा आणि टोकदार पिएन्नोलो आहे. नेपल्सजवळचा सान मार्झानो लांबट, गराचा, कमी बियांचा. सॉस करावा तर त्याचाच, असं तिथले लोक सांगतात. 'कुओरे दी बुए' म्हणजे बैलाचं काळीज, आणि फळाचा आकारही तसाच. फ्रान्सचा मारमांद चपटा, भोपळ्यासारख्या फाकी पडलेला. कुठे गुलाबी, कुठे पिवळा, कुठे काळपट. या वाणांचं बी कंपनीच्या पाकिटातून येत नव्हतं. चांगलं फळ राखून ठेवायचं, बी धुऊन वाळवायचं, थोडं शेजाऱ्याला द्यायचं, असं करत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. आपण ज्या अर्थाने 'गावरान' म्हणतो, त्या अर्थाने हे युरोपचे गावरान टोमॅटो.

नव्या वाणाची पैदास करणाऱ्याला जनुकं हाताने घडवता येत नाहीत. कुठे तरी आधीपासून असलेलं जनुक शोधायचं, संकरातून आपल्या वाणात आणायचं, हेच त्याचं काम. त्यामुळे पिकात मुळात वेगळेपणा किती शिल्लक आहे, यावर सगळा व्यवहार अवलंबून असतो. युरोपच्या बाजारातली ही रूपं पाहिली की वाटतं, टोमॅटोच्या पैदासकाराला काय कमी आहे? हवं ते इथेच भरून पडलं आहे.

युरोपीय संघाच्या पैशातून चाललेल्या 'ट्रॅडिटॉम' या प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांनी हे वाटणं तपासून पाहिलं. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात टोमॅटोचे १,२५४ नमुने होते: युरोपातले पारंपरिक वाण, आधुनिक वाण, अमेरिकेतले सुरुवातीचे लागवडीचे टोमॅटो आणि रानटी नातलग. या सगळ्यांच्या डीएनएमध्ये एकूण ६४,९४३ जागी फरक सापडले. मग नियम असा लावला की एखाद्या जागी शंभरातले पंच्याण्णवाहून जास्त नमुने सारखे असतील, तर तिथे विविधता नाही असं धरायचं. या चाळणीतून युरोपच्या पारंपरिक टोमॅटोंच्या वाट्याला किती जागा उरल्या? २९८.

पासष्ट हजारांतल्या तीनशेसुद्धा नाहीत. काळीज, फाक्या, घोस, गुलाबी-पिवळा-काळपट, ही सगळी दौलत एवढ्याशा भांडवलावर उभी आहे.

हे असं का झालं, ते टोमॅटोच्या प्रवासात कळतं. त्याचा रानटी पूर्वज, मनुकेएवढ्या लाल फळांचा सोलॅनम पिंपिनेलिफोलियम, पेरू आणि इक्वाडोरच्या किनारी भागात आजही उगवतो. त्याच्यापासून चेरीएवढा टोमॅटो आला. तो उत्तरेला मेक्सिकोत पोचला आणि मोठ्या फळांची खरी शेती तिथे झाली. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात मेक्सिको जिंकल्यावर त्यांच्या जहाजांतून थोडं बी युरोपात उतरलं. १५४४मध्ये इटलीतल्या मात्तिओली नावाच्या वैद्याने आपल्या वनस्पतिग्रंथात त्याची दखल घेतली आहे. प्रत्येक टप्प्यावर मूठभर बी पुढे गेलं, उरलेलं मागे राहिलं. समुद्र ओलांडून जे आलं ते मेक्सिकोतल्या लागवडीतलंही सगळं नव्हतं, आणि मेक्सिकोतलं तर अँडीजमधल्या रानाचा एक कोपराच होतं.

त्यात फुलाच्या रचनेची भर पडली. रानटी टोमॅटोच्या बऱ्याच जातींत स्त्रीकेसराचं टोक परागकोशांच्या नळीबाहेर डोकावतं. मधमाशी येते, दुसऱ्या झाडाचा पराग लावून जाते. लागवडीच्या टोमॅटोत हे टोक आखूड होऊन नळीच्या आत गेलं. झाड स्वतःच्याच परागाने फळ धरू लागलं. शेतकऱ्याला हे सोयीचं, कारण बी जसंच्या तसं उतरतं. पण बाहेरचं रक्त येणं त्याच दिवशी थांबलं. लागवडीच्या टोमॅटोत त्याच्या रानटी नातलगांच्या विविधतेपैकी पाच टक्केही नाही, असा अंदाज शास्त्रज्ञ गेली काही दशकं देत आले आहेत.

मग इतकी रूपं आली कुठून? फळाच्या आकारामागे प्रामुख्याने चार जनुकं आहेत. 'सन' फळ लांबवतं, 'ओव्हेट' त्याला नासपतीसारखं निमुळतं करतं, 'एलसी' आणि 'एफएएस' आतल्या कप्प्यांची संख्या वाढवून फळ चपटं आणि फाक्यांचं करतात. या चौघांच्या वेगवेगळ्या जुळण्या मांडल्या की बाजारातले बहुतेक आकार हाती येतात. त्यातल्या 'सन'ची गोष्ट मजेची आहे. डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या एका तुकड्याने शेजारची जनुकं सोबत ओढून दुसऱ्या गुणसूत्रावर नेली, आणि तिथे ते जनुक नको तितकं बोलू लागलं. लांब टोमॅटो हा त्या अपघाताचा परिणाम.

२०२२च्या अभ्यासाचा निष्कर्षही याच वळणाचा आहे. उरलेल्या थोड्या जागांपैकी काही फळाच्या रूपाशी जोडलेल्या निघाल्या. मायोर्काच्या बाईला टांगायचा टोमॅटो हवा होता, नेपल्सच्या बाईला सॉसचा. बी राखताना दोघींनी डोळ्याला दिसेल तेच पारखलं. त्यामुळे रूप ठरवणाऱ्या मोजक्या जनुकांत वेगळेपणा जपला गेला. बाकीच्या हजारो जनुकांना पारखायला कुणाकडे साधनच नव्हतं.

गावरान वाणांबद्दल आपल्याकडे जी भक्ती पसरली आहे, तिला हा आकडा पचणं अवघड आहे. गावरान म्हणजे चिवट, गावरान म्हणजे रोग न येणारं, असं आपण सर्रास म्हणतो. टोमॅटोच्या बाबतीत ते फारसं खरं नाही. रोगाशी लढणारी बहुतेक जनुकं या वाणांत नाहीत, कारण ती जहाजावर चढलीच नव्हती.

पण म्हणून ही फळं केवळ शोभेची ठरत नाहीत. रामेयेत आणि त्याच्या नातलगांच्या टिकाऊपणामागे 'आल्क' नावाचा बदल आहे. पोर्तुगालमधल्या आल्कोबासा या गावावरून हे नाव पडलं. फळ पिकवण्याची सूत्रं ज्या जनुकाच्या हाती असतात अशा 'नॉर' या जनुकातच तो आहे. त्या जनुकाने बनणाऱ्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदललं, आणि पिकण्याची गती मंदावली. फळ रंगतं, पण हळू. मऊ पडतं, पण त्याहून हळू. आज सुपरमार्केटच्या टिकाऊ संकरित टोमॅटोंत बहुधा 'रिन' नावाचं वेगळं उत्परिवर्तन वापरतात. ते टिकाऊपणा देतं आणि चवीची किंमत वसूल करतं, ही तक्रार सगळ्यांना ठाऊक आहे. भूमध्य सागराच्या काठच्या शेतकऱ्यांनी प्रयोगशाळेशिवाय त्याच प्रश्नाचं आपलं उत्तर काढलं होतं. बॅलिआरिक बेटांच्या विद्यापीठात तर रामेयेत वाणांचा अभ्यास आता पाण्याच्या बचतीसाठी चालतो. पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहूत वाढलेलं झाड कमी पाण्यात किती अन्न तयार करतं, हे तिथे मोजलं जातं.

चवीचा हिशेबही असाच आहे. जुन्या टोमॅटोचं कच्चं फळ आठवा: देठाजवळ गडद हिरवे खांदे, खाली फिकट. पैदासकारांना हे खांदे नकोसे वाटत. फळ सगळीकडे एकसारखं फिकं असलं की तोडणीची वेळ ठरवणं सोपं जातं आणि पिकल्यावर रंग समान चढतो. सुमारे सत्तर वर्षं त्यांनी एकसारख्या रंगाची झाडं निवडली. २०१२मध्ये उलगडा झाला की त्यांनी 'जीएलके२' नावाचं जनुक मोडून ठेवलं आहे. डीएनएतलं एक जादा अक्षर, एवढंच. हे जनुक फळातली हरितद्रव्याची कणं वाढवायचं, आणि ती कणं फळातच साखर तयार करायची. खांदे गेले, त्यांच्याबरोबर थोडी गोडीही गेली, आणि ही गोष्ट सत्तर वर्षं कुणाला कळली नाही. २०१७मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९८ टोमॅटोंचे जनुकसंच वाचून आणि लोकांना फळं चाखायला देऊन दाखवलं की चवीला आकार देणारी अनेक सुगंधी द्रव्यं आधुनिक वाणांत कमी झाली आहेत आणि जुन्या वाणांत ती अजून आहेत.

तेव्हा पारंपरिक वाणांकडून काय मागायचं हे ठरलं पाहिजे. चव, साठवण, पाण्याची काटकसर मागावी. रोगप्रतिकार मागायचा तर रानात जावं लागतं.

रानात जाणाऱ्यांमध्ये पहिलं नाव चार्ल्स रिक यांचं. १९१५मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जन्मलेले रिक १९४०मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात आले आणि पुढची साठ वर्षं टोमॅटोतच राहिले. अँडीजच्या वाळवंटांत, दऱ्यांत, रस्त्याकडेच्या कचऱ्यात त्यांनी वारंवार भटकून रानटी टोमॅटोचं बी गोळा केलं. त्यांच्या नावाचा डेव्हिसमधला टोमॅटो जनुकसंग्रह आज जगातल्या पैदासकारांची पेढी आहे.

गालापागोस बेटांवरून त्यांनी आणलेलं बी मात्र उगवेना. ओलावा दिला, ऊब दिली, तरी बी ढिम्म. बेटावर हे टोमॅटो खातं कोण, असा विचार करत रिक महाकाय कासवांपाशी आले. रॉबर्ट बोमन या प्राणिशास्त्रज्ञाकडे अशी कासवं होती. त्यांना ही फळं खाऊ घातली. कासवाच्या पोटातून बी बाहेर पडायला दोन-तीन आठवडे लागले, आणि मग ते उगवलं. जाड सालीचं बी आतड्यातल्या रसांनी मऊ झाल्याखेरीज रुजत नाही, हे या दोघांनी १९६१मध्ये छापलं. आता कासवाची गरज लागत नाही, रसायनात भिजवून तोच परिणाम मिळवतात. पण टोमॅटोच्या शास्त्रातला सगळ्यात संथ प्रयोग म्हणून त्याचं नाव राहायला हरकत नाही.

त्याच बेटांवरचे काही टोमॅटो भरतीच्या रेषेजवळ वाढतात. १९७६मध्ये डेव्हिसमध्येच असं एक झाड समुद्राच्या पाण्याइतक्या खाऱ्या द्रावणात जिवंत राहिलं. लागवडीचा वाण बहुतेक वेळा त्याच्या निम्म्या खारटपणापुढे टिकला नाही.

दुसरी गोष्ट पेरूची. १९६२च्या डिसेंबरमध्ये ह्यू इल्टिस आणि डॉन युजेंट हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ अँडीजमध्ये रानटी बटाटे शोधत हिंडत होते. वाटेत त्यांना चिकट पानांचं, उग्र वासाचं एक तण दिसलं. त्याला हिरवट-पांढऱ्या पट्ट्यांची, चेरीहूनही लहान फळं. खाण्याजोगं त्यात काही नव्हतं. सवयीने त्यांनी नमुना घेतला, फळं चिरडून बी कागदावर वाळवलं, ८३२ हा क्रमांक टाकला आणि रिक यांच्याकडे पाठवून दिलं. हे इल्टिस म्हणजे मेंडेलचं पहिलं चरित्र लिहिणाऱ्या हुगो इल्टिस यांचे चिरंजीव; घर ब्रनोचं, मेंडेलच्याच गावचं. वाटाण्यातल्या जनुकांची कथा लिहिणाऱ्याच्या मुलाने टोमॅटोला जनुकं मिळवून द्यावीत, असा योग कादंबरीकाराने जुळवला असता तर आपण नाक मुरडलं असतं.

रिक यांनी त्या तणाचा लागवडीच्या टोमॅटोशी संकर केला, मग पुन्हापुन्हा लागवडीच्याच टोमॅटोशी. संततीत फळं लाल, मोठी आणि नेहमीपेक्षा गोड निघाली. सॉस-केचप करणाऱ्या कारखान्याला फळातला विरघळणारा घनभाग महत्त्वाचा असतो. तो जितका जास्त, तितकं पाणी आटवायला इंधन कमी. साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असणारा हा भाग नव्या संततीत सात-आठ टक्क्यांपर्यंत गेला. १९७६मध्ये ती स्वतंत्र जात ठरली आणि एका पोलिश शास्त्रज्ञाच्या नावावरून तिला ख्मिएलेव्हस्की असं नाव मिळालं. हिरव्या, बेचव फळात गोडीचं जनुक असेल, असं कुणाच्याही डोळ्याने सांगितलं नसतं.

याच धाग्यावर पुढे इस्राएलचे डॅनी झमीर यांनी पद्धतच बसवली. हिरव्या फळांच्या पेनेलाय या वाळवंटी जातीच्या गुणसूत्रांचे एकेक तुकडे त्यांनी लागवडीच्या टोमॅटोत बसवले आणि पन्नास ओळी तयार केल्या. प्रत्येक ओळीत रानटी तुकडा एकच. कोणता तुकडा काय करतो, हे आता वेगवेगळं मोजता येऊ लागलं. साखर वाढवणारा एक तुकडा त्यातूनच सापडला.

रोगांच्या बाबतीत तर उधारीची यादी संपत नाही. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींना अडवणारं 'एमआय' जनुक पेरुव्हिएनम या जातीतून आलं. तिचा टोमॅटोशी संकर केला की बी भरतच नाही. १९४४मध्ये पॉल स्मिथ यांनी कोवळा गर्भच काढून काचेच्या नळीत वाढवला आणि एक झाड जगवलं. आजचे सूत्रकृमीरोधक टोमॅटो वंशाने त्या प्रयोगापर्यंत जातात. मात्र जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की हे जनुक ढिलं पडतं, ही गोष्ट आपल्या उन्हाळी लागवडीत लक्षात ठेवावी लागते. मर रोगाचं एक जनुक पिंपिनेलिफोलियमचं, उशिरा येणाऱ्या करप्याचं एक तिथलंच.

नारायणगाव-जुन्नर किंवा पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात शेतकरी 'प्लॉटला व्हायरस आला' असं म्हणतो, तेव्हा बहुतेकदा पांढऱ्या माशीने आणलेला पानं आकसवणारा विषाणू त्याच्या डोळ्यासमोर असतो. शेंडा बोकडतो, फूल गळतं आणि महिनाभरात कॅरेट भरायची आशा संपते. त्यावरची जी जनुकं आज जगभर वापरतात, त्यांतली 'टीवाय-१' आणि 'टीवाय-३' चिलीच्या रानटी जातीतून आली. 'टीवाय-२' मात्र हिसारचं देणं आहे. हरियाणा कृषी विद्यापीठातल्या जी. कल्लू आणि एम. के. बॅनर्जी यांनी केसाळ पानांच्या एका रानटी जातीतून प्रतिकार टोमॅटोत आणला आणि १९९०मध्ये तो जाहीर केला. 'एच-२४' नावाच्या त्यांच्या ओळीवरून पुढे तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्या जनुकाचा पत्ता अकराव्या गुणसूत्रावर शोधला. बेंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेच्या 'अर्का रक्षक' या संकरात पानं आकसवणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींचा प्रतिकार एकत्र आहे. या झाडाच्या रूपावरून त्याच्या रक्तात कोण कोण आहे, हे ओळखता येत नाही.

रानातून उधार आणलेली प्रत्येक वस्तू व्याजासकट येते. हव्या जनुकाच्या शेजारी नको असलेली जनुकंही चिकटलेली असतात: बारीक फळ, कडवटपणा, उशिरा येणारं पीक. ती तोडायला वर्षानुवर्षं लागतात. गालापागोसच्या टोमॅटोतून रिक यांनी आणलेला बिनसांध्याचा देठ यंत्राने तोडणी करणाऱ्यांना फार आवडला. देठाचा काटा फळाला चिकटून येत नाही, त्यामुळे शेजारचं फळ टोचलं जात नाही. पण तो गुण बसवला की काही वाणांत फुलांचे घोस भरमसाट फांद्यांचे होत आणि फळं धरेनाशी होत. पैदासकार दशकानुदशकं या त्रासाशी झुंजले. २०१७मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या झॅक लिपमन यांच्या गटाने कारण सांगितलं. लागवडीच्या सुरुवातीच्या काळात शेतकऱ्यांनी नकळत एक बदल निवडला होता. त्यामुळे फळावरच्या हिरव्या पाकळ्या मोठ्या होतात, एवढंच दिसत होतं. एकटा असताना तो निरुपद्रवी. गालापागोसचा गुण त्याला भेटला की दोघं मिळून घोस बिघडवत. हजारो वर्षांपूर्वीची निवड आणि विसाव्या शतकातली निवड यांचं हे भांडण होतं, आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या.

रानातली परिस्थिती आता बरी नाही. रिक यांनी जिथून बी आणलं त्यांपैकी काही ठिकाणी आज झाडं नाहीत. गालापागोसवर तर लागवडीचे टोमॅटो रानात शिरून स्थानिक जातींच्या जागी पसरताना आढळले आहेत. पेढीत बी आहे, हा दिलासा खरा; पण पेढीतलं बी गोठलेलं असतं. रानातलं झाड नव्या विषाणूशी, नव्या उन्हाशी दरवर्षी झगडून बदलत असतं, ते पाकिटात होत नाही.

आणि बी आणायचं कुणी? इल्टिस यांनी तण गोळा केलं तेव्हा परवाना आणि वाट्याचा करार असं काही नव्हतं. त्या गोडीतून अमेरिकेतल्या कारखान्यांनी कमावलं, पेरूच्या पदरात त्यातलं काही पडेल अशी सोयच नव्हती. १९९३मध्ये जैवविविधता करार अमलात आला आणि रानातल्या बियाण्यावर त्या त्या देशाचा हक्क मान्य झाला, हे न्याय्यच झालं. पिकांच्या पैदाशीसाठी बियाण्याची देवघेव अडू नये म्हणून २००१मध्ये वेगळा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात ६४ पिकांची यादी जोडली. यादीतल्या पिकांचं बी ठरलेल्या एकाच अटीवर सदस्य देशांना मिळावं, अशी व्यवस्था. टोमॅटोच्याच कुळातले बटाटा आणि वांगं त्या यादीत बसले. टोमॅटो बसला नाही. त्यामुळे रानटी टोमॅटोचा नवा नमुना हवा असेल तर त्या देशाशी स्वतंत्र बोलणी करावी लागतात, त्यात वर्षं जातात, आणि पैदासकाराला डेव्हिसमधलं रिक यांच्या काळातलं पाकीट मागवणं सोपं वाटतं.